मंगलाताईंनी जे पाहिलं ते

पराग इंदूरच्या विमानतळावरून टॅक्सीनं उज्जैनला, नानाखेड्याच्या घरी आला. बूट काढून तो वडिलांच्या पाया पडला आणि पाण्याचा पेला तोंडाला लावायच्या आधीच आईला म्हणाला, "तुझा फोन दे जरा."

मंगलाताईंना वाटलं, पोहोचल्याचं सुनेला कळवायचं असेल. पदराला हात पुसून त्यांनी फोन दिला. पराग सोफ्यावर बसून अंगठ्यानं सरसर काहीतरी शोधू लागला. त्याच्या कपाळावर आठ्या चढत गेल्या.

"हे काय लिहिलंयस तू?"

"कुठं?"

"या धरपकडीच्या बातमीखाली. 'लाज वाटली पाहिजे.' कुणाला लाज वाटली पाहिजे?"

"ज्यांनी केलं त्यांना. आणखी कुणाला?"

"आई, तुझ्या फेसबुकवर माझं नाव आहे, घराचे फोटो आहेत. अमेरिकेत परत शिरताना विमानतळावर फोन उघडायला लावतात लोकांना, माहितीये?"

"माझा फोन?"

"माझा. आणि माझ्यावरून तुझ्यापर्यंत पोहोचतात."

एवढं बोलून त्यानं ते पुसून टाकलं. आईला विचारलंसुद्धा नाही. मग त्याच्याआधीचंही एक पुसलं, त्याच्याही आधीचं. मंगलाताई समोर उभ्या राहून बघत होत्या. मुलींच्या शाळेत त्यांनी सारा जन्म रसायनशास्त्र शिकवलं होतं. त्यांच्या हातातली वस्तू काढून घ्यायची हिंमत कधी कुणा इन्स्पेक्टरची झाली नव्हती. पण चार वर्षांनी पोरगा उज्जैनला आला होता, बापाच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं म्हणून आला होता. पोहे तयार होते, त्यांवर त्यांनी शेव पेरली आणि बशी त्याच्यापुढे जरा आपटूनच ठेवली.

सून अश्लेषा आली नव्हती. तिचं ग्रीन कार्ड व्हायचं होतं आणि देशाबाहेर पाऊल टाकलं तर परत आत घेतीलच असं नाही, असं तिला वकिलानं बजावलं होतं. मागच्या थंडीत तिचे वडील देवासला वारले, तेव्हाही ती आली नव्हती. तिच्या भावानं फोन उंच धरला आणि बापाचं शेवटचं दर्शन तिनं तेवढ्याशा पडद्यावर घेतलं. मंगलाताई त्या वेळी तिथे तिच्या माहेरच्या माणसांत उभ्या होत्या. फोनमधून येणारं ते रडणं त्यांच्या कानांतून गेलं नव्हतं.

दुपारी जेवताना अरविंदरावांनी मऊ भाताचा घास घेत सहज विचारलं, "ती तुमची समोरची मारिसोल, ती सुटली का रे?"

परागचा हात ताटातच थांबला. "बाबा, तुम्हाला कुणी सांगितलं?"

"सांगायला कशाला हवं? मी बघितलं ना. मंगलानं व्हिडिओ पाठवला होता त्याच दिवशी."

परागनं आईकडे पाहिलं. मंगलाताईंनीही नजर हलवली नाही.

झालं होतं ते असं. गेल्या दिवाळीच्या आधी मंगलाताई ओहायोत, परागच्या घरी होत्या. समोरच्या घरात मारिसोल राहायची. व्हेनेझुएलाची, दातांच्या दवाखान्यात कामाला, घरात म्हातारी आई. आश्रयासाठी अर्ज केला होता तिनं, कागदपत्रं सगळी रीतसर होती, दर तारखेला हजर राहायची. तिला मंगलाताईंचं थालीपीठ भारी आवडायचं. त्यांना तिच्या आईनं केलेल्या मक्याच्या जाड पोळ्या आवडायच्या. दोघींचं इंग्रजी यथातथाच, पण गप्पांचं कधी अडलं नाही.

त्या सकाळी मंगलाताई ओट्यावर उभ्या राहून लाल झालेल्या झाडांचा व्हिडिओ काढत होत्या. त्या रोज असं काहीतरी काढायच्या आणि अरविंदरावांना पाठवायच्या. कधी खार, कधी शाळेची पिवळी बस. तेवढ्यात मारिसोल कामावर जायला गाडीत बसली आणि दोन गाड्या येऊन तिच्या गाडीला आडव्या लागल्या. आतून माणसं उतरली. तोंडं झाकलेली, अंगावर ना नाव ना बिल्ला. एकानं दार उपटल्यासारखं उघडलं, दुसऱ्यानं तिला दंडाला धरून बाहेर ओढलं. ती दोन्ही हात वर करून काहीतरी सांगत होती. तिसऱ्यानं लाथेनं दार ढकललं, ते मधे उभ्या असलेल्या त्यांच्याच माणसाच्या हातावर बसलं. तो कळवळला. मग तिघांनी मिळून तिला जमिनीवर पालथं पाडलं. म्हातारी आई पायरीवर बसून छाती पिटत होती. मंगलाताई रस्त्याच्या अलीकडून ओरडत होत्या. "अहो, सोडा तिला! काय केलंय तिनं? क्यों मार रहे हो?" जी भाषा तोंडाला आली त्या भाषेत. हातातला फोन चालूच होता. गाड्या गेल्या तेव्हा त्यांनी तो व्हिडिओ नेहमीसारखा नवऱ्याला पाठवला. का पाठवला म्हणाल तर दुसरं काही सुचलं नाही म्हणून.

पराग घरी आला, त्यानं आईच्या फोनमधून तो पुसला आणि पडदे ओढून घेतले. "आपण काही पाहिलेलं नाही," तो म्हणाला. संध्याकाळी मारिसोलच्या आईनं दार वाजवलं. मंगलाताई उठल्या तर पराग दाराला पाठ लावून उभा राहिला. स्वतःचा पोटचा पोरगा, सहा फूट उंच, आणि त्याचे ओठ पांढरे पडलेले. म्हातारी वाजवून वाजवून निघून गेली. मंगलाताईंनी त्यानंतर परतीचं तिकीट अलीकडे आणून घेतलं.

"बाबा, तो व्हिडिओ काढून टाका," पराग आता म्हणाला. "आत्ताच."

"का बरं?" मंगलाताईंनी विचारलं. "इतक्या महिन्यांनी आता काय झालं?"

"कारण तिचा वकील साक्षीदार शोधत फिरतोय! गल्लीतल्या प्रत्येक घरात कागद टाकलाय त्यानं. मी फाडून फेकला."

बोलून गेल्यावर त्याच्या लक्षात आलं की हे सांगायचं नव्हतं.

"म्हणजे अजून आत आहे ती?"

पराग ताटातला भात चिवडू लागला.

"पराग, मी विचारतेय. अजून आत आहे?"

"हो. इमिग्रेशनवाल्यांनी कुठल्या तरी लांबच्या राज्यात ठेवलंय. तिच्यावर फौजदारी लावलीय. गाडीचं दार आपटून सरकारी माणसाचं मनगट मोडलं म्हणून."

"दार तिनं आपटलं? अरे, दार तर त्यांच्याच माणसानं—"

"मला माहितीये!" पराग ओरडला. "मी पाहिलाय ना तो व्हिडिओ! मला माहितीये, आई!"

अरविंदराव पोटावरच्या टाक्यांवर हात धरून बसले. मंगलाताईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पोराला माहीत नव्हतं म्हणून तो गप्प बसला, असं त्या इतके दिवस स्वतःला समजावत होत्या. वाटायचं, घाईत त्यानं नीट बघितलाही नसेल. आणि हा सगळं जाणून होता! एक बाई न केलेल्या गुन्ह्यासाठी कोठडीत सडतेय हे जाणून, तिचा वकील दारात ठेवून गेलेला कागद ह्यानं फाडला होता.

"तुला मी हे शिकवलं?" त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही. शाळेतही अगदी चिडल्या की त्यांचा आवाज असाच खाली यायचा आणि पोरी घाबरायच्या.

"तू जे शिकवलंस ते इथं चालत असेल."

"इथलं सरकार काय दुधानं धुतलेलं आहे? पण मी कधी कुणाच्या तोंडावर दार लावलं नाही."

संध्याकाळी परागच नरमला. "चल, टावर चौकात जाऊन येऊ," म्हणाला. "तिथली साबुदाण्याची खिचडी खायचीय." मंगलाताईंना जायचं नव्हतं, पण गेल्या. गर्दी नेहमीची. ठेल्यांभोवती पोरंपोरी, हॉर्न, पाणीपुरीवाल्याचं ओरडणं. दोघं गाडीला टेकून पानाच्या दोन्यातून खिचडी खाऊ लागले. पराग बोलायला लागला आणि मंगलाताईंच्या लक्षात आलं, वकील हा शब्द आला की तो आवाज उतरवतो आणि एकदा मागे वळून बघतो. टावर चौकात! इथं कोण त्याचं ऐकणार होतं? शेजारी दोन पोरं क्रिकेटवरून भांडत होती.

"मी तिथला नागरिक आहे ना," पराग सांगत होता, "तरी खिशात पासपोर्ट ठेवून दूध आणायला जातो. ऑफिसात आधी आम्ही निवडणुकीवरून तावातावानं भांडायचो, साहेबाला तोंडावर मूर्ख म्हणायचो. आता जेवणाच्या टेबलावर फक्त हवामान बोलतात. कोण कुणाला काय सांगेल, भरवसा नाही. शेजारच्या घरावर मोठा झेंडा लागला तर मी त्यांच्याशी जास्त हसून बोलायला लागलो. आपोआप. टपाल आलं की उघडायच्या आधी पाठवणारा कोण ते दोनदा वाचतो. कोर्टानं सोडलं तरी हे सोडतील असं वाटत नाही. शपथ घेतली तेव्हा रडलो होतो मी, आठवतं? तुला फोन केला होता."

"आठवतं."

"आता म्हणतात, दिलेलं नागरिकत्वसुद्धा काढून घेऊ शकतील. होईल न होईल, कुणाला माहीत? पण म्हणतात ना. तेवढं पुरतं."

मंगलाताईंना त्याची दया आली. आणि ती दया येताच राग दुप्पट झाला. कारण हा त्यांचा पोरगा असा नव्हता. कॉलेजात असताना फी वाढली म्हणून ह्यानं पोरं गोळा करून प्राचार्यांच्या दारात ठिय्या मांडला होता. त्या पोराचं हे काय करून ठेवलं त्या लोकांनी? त्याला ना मारलं ना पकडलं. नुसतं घाबरवून एवढं केलं.

"मला शब्द दे," पराग म्हणाला. "तो व्हिडिओ कुणाला पाठवणार नाहीस."

"नाही देणार."

"आई, तुझा राग स्वस्त आहे." पराग त्यांच्याकडे वळला. "तू इथं खिचडी खात रागावतेस. उद्या दार आमचं वाजेल. अश्लेषाचं कार्ड अडकेल. किंमत ती देईल, तू नाही."

मंगलाताईंनी रिकामा दोना चुरगळून टोपलीत टाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अरविंदराव चष्मा लावून फोन न्याहाळत बसले होते. "मंगला, अगं यातलं सगळं गेलं. तुझ्या खारी, ती बस, सगळंच. कालपर्यंत होतं."

मंगलाताई तडक गच्चीवर गेल्या. पराग तिथं चहा पीत होता.

"बाप औषधाच्या गुंगीत झोपला होता, तेव्हा त्याचा फोन उघडलास?"

"मला करावं लागलं."

"करावं लागलं! ते तोंड झाकून येतात तेही हेच म्हणत असतील. आम्हाला करावं लागतं!"

पराग चहाचा कप खाली ठेवून उठला. "मला त्यांच्या रांगेत बसवतेस?"

"तू स्वतःच जाऊन बसलास."

त्या धाडधाड जिना उतरून खाली आल्या. अरविंदरावांनी त्यांना पाणी दिलं आणि जरा चाचरत म्हणाले, "तो व्हिडिओ हवाय का तुला? मी तेव्हाच रेल्वे पेन्शनरांच्या ग्रुपवर टाकला होता. कुणी फारसं बघितलं नाही. माझ्या फोनमध्ये तिथूनही आता पुसला गेलाय, पण ग्रुपमधले भय्यासाहेब काही पुसत नाहीत कधी."

मंगलाताईंना त्याही स्थितीत हसू फुटलं.

भय्यासाहेब माधव नगरात राहायचे. त्यांचे पूर्वज शिंद्यांच्या दरबारात कारकून होते हे ते पहिल्या भेटीतच सांगत. रेल्वेत अरविंदरावांच्या खांद्याला खांदा लावून नोकरी केलेले. अमेरिकेचा विषय निघाला की त्यांचं मत ठरलेलं होतं, आणि मंगलाताई त्यांच्या बैठकीत जाऊन बसल्या तेव्हाही त्यांनी ते ऐकवलंच.

"वहिनी, बुरा मत मानना, पण बेकायदा घुसलेल्यांना कोणतंही सरकार काढणारच. उसमें गलत काय आहे?"

"ती बेकायदा नव्हती. तुम्ही व्हिडिओ बघितलात?"

"ग्रुपवर रोज शंभर येतात. सगळे कुठे बघणार?"

"मग आता बघा. माझ्यासमोर."

भय्यासाहेबांनी शोधून शोधून तो काढला. फोन हात लांब करून धरला आणि बघू लागले. सुरुवातीला लाल झाडं. मग गाड्या. मग ती ओढाताण, आणि त्यातून येणारा मंगलाताईंचा आवाज. संपल्यावर त्यांनी तो परत लावला.

"इस लड़की ने तो हाथ भी नहीं उठाया," ते म्हणाले. "हात तर वर आहेत तिचे."

"तिनंच मनगट मोडलं म्हणून आत ठेवलंय."

"कोण म्हणतं?"

"सरकार म्हणतं."

भय्यासाहेबांनी आणखी काही मत दिलं नाही. व्हिडिओ मात्र लगेच मंगलाताईंना पाठवला. त्या निघताना, "न बघता मी इतकं बोलायला नको होतं," असं काहीसं पुटपुटले.

व्हिडिओ हातात आला तरी परागचं वाक्य मंगलाताईंच्या छातीत रुतून बसलं होतं. किंमत ती देईल. खरंच होतं ते. म्हणून त्यांनी वकिलाला शोधण्याआधी अश्लेषाला व्हिडिओ कॉल लावला. तिथं रात्र व्हायला लागली होती. नात झोपली होती आणि अश्लेषा स्वयंपाकघरात भांडी लावत होती. मंगलाताईंनी काही न लपवता सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाल्या, "तू नाही म्हणालीस तर मी पाठवणार नाही. तुझ्यावर रागावणारही नाही. पण उत्तर तुझं पाहिजे. परागचं नको."

अश्लेषा बराच वेळ ताट पुसत राहिली. एकच ताट.

"आई, मी त्या वकिलाच्या ऑफिसपाशी जाऊन आलेय," ती म्हणाली. "दोनदा. गाडी बाहेर लावून बसले आणि परत आले. आत जाऊन सांगणार काय? व्हिडिओ गेलेला, मी स्वतः काही पाहिलेलं नाही. पराग म्हणतो, अंग चोरून राहिलं की आपल्याला कुणी हात लावणार नाही. मी अंग चोरलंच ना? कुठं सही केली नाही, कुठल्या मोर्चात गेले नाही. आणि माझे बाबा गेले तेव्हा मी इथं या टेबलापाशी बसून फोनमध्ये त्यांचे पाय बघत होते. काहीही न करता माझं एवढं गेलं. मग गप्प बसून मी नेमकं काय वाचवतेय?"

"कार्ड अडकू शकतं, बाळा."

"अडकेल. मला भीती वाटते, नाही असं नाही." तिनं ताट खाली ठेवलं. "पाठवा. घर कुणाचं विचारतील, तर माझं नाव द्या. चोरून नको. आणि परागला आधी सांगा. नाहीतर तो जे करतो तेच आपणही केल्यासारखं होईल."

मंगलाताईंनी सांगितलं. पराग बॅगेत कपडे भरत होता.

"मी तो व्हिडिओ आज पाठवणार आहे. अश्लेषाला विचारलंय. ती हो म्हणाली."

परागनं हातातला शर्ट बॅगेत फेकला. "माझ्या बायकोला माझ्याविरुद्ध केलंस?"

"तिचा निर्णय तिचा आहे."

"आणि माझी मुलगी? तिच्या आईला उद्या उचलून नेलं तर तिला कोण सांगणार, तू? व्हिडिओ कॉलवर?"

"मी येईन."

"तुला येऊ देतील असं वाटतं? साक्ष दिल्यावर?" तो हसला, आणि ते हसणं ऐकवत नव्हतं. "तू नातीला परत बघणार नाहीस, आई. एका परक्या बाईसाठी."

मंगलाताई दाराची चौकट धरून उभ्या राहिल्या. हे त्यांच्या मनात आलं नव्हतं असं नाही, पण पोराच्या तोंडून ऐकताना वेगळंच लागलं. "मारिसोलची आई रोज माझ्या हातचं खायची, पराग," एवढंच त्या म्हणाल्या. "आणि तिनं दार वाजवलं होतं."

पराग दोन दिवस आधीच निघून गेला. बापाला मिठी मारली. आईकडे न बघता टॅक्सीत बसला.

वकिलाचा नाव-पत्ता अश्लेषानं कळवला. व्हिडिओ मिळाल्यावर त्याचं उत्तर तासाभरात आलं, सगळी इंग्रजी अक्षरं कॅपिटल आणि शेवटी उद्गारचिन्हांची रांग. मग प्रतिज्ञापत्र झालं, नोटरी झाली, आणि थंडी सरत असताना एके संध्याकाळी अरविंदरावांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडून दिला. तिथं सकाळ होती. पडद्यावर न्यायाधीशबाई होत्या, वकील होते, आणि एका चौकोनात मारिसोल. केस कापलेले, चेहरा अर्धा झालेला. तिनं मंगलाताईंना ओळखलं आणि दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दुभाषी दिला होता, पण मंगलाताईंनी नको म्हणून सांगितलं. इंग्रजी मोडकं असेल, पण साक्ष त्यांची स्वतःची होती. त्यांनी पाहिलं ते सांगितलं. कोण कुठे उभं होतं, दार कुणी ढकललं, हात कुणाचा सापडला. प्रयोगशाळेत मुलींकडून निरीक्षणं लिहून घ्यायच्या, तसं एकापुढे एक.

मग सरकारचा वकील उठला. तरणाताठा, नम्र आवाजाचा. आधी त्यानं विचारलं, कॅमेरा आधीपासून का चालू होता? कुणी सांगितलं होतं?

"झाडं लाल झाली होती," मंगलाताई म्हणाल्या. "ती बघायला कुणी सांगावं लागत नाही."

"तुमच्या फेसबुकवर आमच्या सरकारबद्दल काही मजकूर होता. तो आता दिसत नाही. का पुसलात?"

"मी नाही पुसला. माझ्या मुलानं पुसला."

"का?"

टेबलाच्या पलीकडे अरविंदरावांनी डोळे मिटून घेतले.

"तुम्हाला घाबरून," मंगलाताई म्हणाल्या. "तो तुमचा नागरिक आहे. तुमच्या झेंड्यापुढे शपथ घेताना रडला होता. आज तो दूध आणायला जाताना खिशात पासपोर्ट ठेवतो. तुम्ही मला विचारता, मजकूर का पुसला? मी तुम्हाला विचारते, तुमची माणसं तोंड का झाकतात? मी बघा, उघड्या तोंडानं बसलेय. माझं नाव सांगितलं, घर सांगितलं, नवऱ्याचं नाव सांगितलं. त्यांची नावं काय?"

वकिलानं हरकत घेतली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, साक्षीदारानं प्रश्न विचारू नयेत. पण त्यांनी स्वतः चष्मा काढून सरकारी वकिलाकडे पाहिलं आणि तोच प्रश्न परत केला. त्या माणसांची नावं कुठे आहेत? वकील म्हणाला, सुरक्षेच्या कारणास्तव देता येत नाहीत. बाईंनी काहीतरी लिहून घेतलं.

काही दिवसांनी मनगटाचा खटला सरकारनं मागे घेतला. चूक झाली असं कुणी म्हटलं नाही. कारणही दिलं नाही. मारिसोल मात्र सुटली नाही. आश्रयाचा अर्ज निकालात निघेपर्यंत तिला आतच ठेवायचं ठरलं. हे कळलं त्या दिवशी मंगलाताईंनी वकिलाला फोनवर असं काही सुनावलं की तो बिचारा म्हणाला, "मॅडम, मी तुमच्या बाजूचा आहे."

अश्लेषाच्या अर्जावर 'विचाराधीन' एवढंच येत राहिलं. आधीही तेच येत होतं. त्या साक्षीमुळे की सरकारी कचेरीच्या नेहमीच्या ढिलाईमुळे, हे सांगणारं कुणी नव्हतं, आणि तेच तर सरकारला हवं होतं, असं अश्लेषा म्हणाली. माणूस स्वतःच कारणं शोधत बसतो. ती आता रविवारी मारिसोलच्या आईला किराणा आणून द्यायची. उघडपणे, समोरच्या दारानं.

पराग वडिलांना फोन करायचा. आईची चौकशी करायचा, पण फोन तिला द्या असं म्हणायचा नाही. मंगलाताईही मागायच्या नाहीत. त्यांचा राग उतरला नव्हता. तोंड झाकणाऱ्यांवरचा तर नाहीच, पोरावरचाही पुरता नाही.

वैशाखात एकदा फोन त्यांच्याच नंबरावर वाजला. पलीकडे पराग होता.

"काल इथं धरपकडीविरुद्ध मोर्चा होता, गावात," तो म्हणाला. "अश्लेषा गेली. मी गाडीत बसून राहिलो. काच वर करून."

"बरं," मंगलाताई म्हणाल्या.

"उतरलो नाही, आई."

त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. त्यातलं कडू ते त्यांनी गिळलं आणि गोड काही तोंडात येईना.

"गाडी कुणी चालवत नेली तिथपर्यंत?" त्यांनी विचारलं.

"मीच," पराग म्हणाला.